सामंजस्य करार

करार बारा पानांचा आहे.
दोन्ही प्रती मीच टाचल्या, म्हणून माहीत.
पिन तीनदा वाकली.

सव्वीस वर्षं मी या प्रयोगशाळेत
काचा धुतोय, ऑटोक्लेव्ह लावतोय:
काटा पंधरावर, मिनिटंही पंधरा.
नाव गुरुसिद्ध. सगळे मामा म्हणतात.

लावण्या चिलवेरी पूर्व भागातली.
तिच्या वडिलांचे हात कोपरापर्यंत रंगाचे,
सोमवारी लाल, शुक्रवारी मोरपंखी,
रविवारी जेवताना दोन्ही.
एमएस्सीला होती तेव्हाच म्हणाली,
मामा, रंगशाळेमागच्या नाल्यात कुणीतरी जगतंय.
पाणी निघतं तिथं काळंजांभळं,
पुढं बाभळीखाली गाळ साचतो तिथं फिकं.
कुणीतरी खातंय.

एप्रिलची दुपार, त्रेचाळीस अंश.
बाटलीला सुतळी मी बांधली,
पालथा पडून मीच ती सोडली.
त्या शर्टावरचा डाग अजून आहे.
तो मात्र कुणी खाल्ला नाही.

मग आठ महिने बशा, बशा, बशा.
एका सकाळी निळ्या आगरवर
ज्वारीच्या कण्याएवढा पांढरा ठिपका
आणि त्याच्याभोवती उजळलेलं रिंगण.
ती काही बोलली नाही. बाहेर जाऊन दोन चहा घेऊन आली.
बशीवर मार्करनं लिहिलं: उपाशी.

पुण्याहून कंपनीची माणसं आली.
वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू.
करंबेळकर नावाच्या बाईंनी
सूक्ष्मदर्शकातून डोळा काढलाच नाही अर्धा तास.
आमच्याकडे दोन लिटरचा फ्लास्क,
त्यांच्याकडे पाच हजार लिटरची टाकी.
आणि आमचा फ्रीज!
लाइट गेली की बर्फाच्या लादीसाठी
सात रस्त्यापर्यंत सायकल कोण दामटायचं, विचारा.
आमच्याकडे राहता तर उपाशी
नावाप्रमाणेच मेला असता.

आता त्याला नंबर आहे. चारशे सतरा.

सही झाली त्या दिवशी सभागृहात
पाहुण्यांना चादर, शेंगाचटणीचा पुडा, कडक भाकरी.
एक भाकरी साहेबांच्या हातात मोडली, कडाड्,
कुलगुरूंसकट सगळे हसले.
लावण्याचे वडील शेवटच्या रांगेत,
हात खिशात घालून.
कार्यक्रम संपल्यावर तिला तेलुगूत काही विचारलं.
एवढी वर्षं या गावात, तेवढं मला कळतं:
त्याला लाल आवडतो की निळा?

तिनं करंबेळकर बाईंकडे पाहिलं.
पान सात, कलम चार:
पेटंट होईपर्यंत कुणालाही, कोणत्याही स्वरूपात.
नागपूरच्या परिषदेतलं तिचं भाषणही
त्याच कलमानं रद्द झालेलं.
नान्ना, ती म्हणाली, सांगता येत नाही.

त्यांनी खिशातून हात काढले.
त्या दिवशी गुरुवार होता, हिरवे होते.
माझ्या दारामागचा नाला, ते म्हणाले,
आणि मलाच नाही?
पण हसत म्हणाले. रागावले असते
तर बरं वाटलं असतं मला.

बाई जवळ आल्या. तेलुगू येत नसावं त्यांना,
पण विचारलं काय ते कळलं असावं.
वकिलाची पाठ आहेसं पाहून
हळूच त्यांच्या हिरव्या बोटांकडे बघत म्हणाल्या,
हा जरा वेळ घेतो.
एवढंच. आणि गाडीकडे गेल्या.

पान नऊवर लिहिलंय, दिवाळीपर्यंत
रंगशाळेच्या मागं पहिली टाकी बसेल.
पान अकरावर ‘नमुना संकलन: विद्यापीठ’.
म्हणजे मी, आणि सुतळी.

परवा सायकल त्या बाजूनं घातली.
नाला होता तसा, काळाजांभळा,
बाभळीखाली फिका.
तो खात बसला होता, चारशे सतरा,
त्याला ना नंबर माहीत, ना कलम.

ती बाटली मी तीनदा धुतली.
तळाशी एक जांभळी रेघ जात नाही.
भंगारात काढायच्या यादीत तिचं नाव आहे.
यादी मीच लिहितो.
अजून लिहिलेली नाही.